तयारीच्या तंबूला कनात लावू नका: श्वानप्रदर्शनांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यात श्वानप्रदर्शनं भरवणारे आयोजक, परीक्षक आणि पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी उदगीरला केशकर्तनालय चालवतो. वडील गावात बलुत्यावर हजामती करायचे. मी शहरात येऊन खुर्ची मांडली, त्याला ३१ वर्षं झाली. माझ्या घरी कुत्रा नाही. दोन खोल्यांच्या घरात कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यासारखं पळणारं जनावर बांधून ठेवणं मला पटत नाही. पण श्वानप्रदर्शन भरणार असं कानावर आलं, की लातूर असो, नांदेड असो, परभणी असो, मी एसटी धरून जातो. तुमची प्रदर्शनं बहुतेक रविवारी असतात आणि रविवार हा आमच्या धंद्याचा मुख्य दिवस. तो बुडवून, तिकीट काढून, उन्हात दोरीला टेकून उभा राहणारा मी माणूस आहे. माझा इथं काही मालक म्हणून स्वार्थ नाही. माझं कुत्रं कधी हरलेलं नाही, कारण ते कधी उतरलेलंच नाही.

हे पत्र लिहायचं कारण तुमचं नवं पत्रक. येत्या प्रदर्शनात श्वानांच्या तयारीचा विभाग कनातीनं बंद राहील आणि तिथं प्रेक्षकांना प्रवेश नसेल, असं त्यात छापलंय. गर्दीमुळं कुत्री बिथरतात, हे कारण दिलंय. कुत्री बिथरतात हे खरं आहे. पण त्यासाठी दोन हात अंतरावर दोरी बांधता येते. कनात कशाला? मागच्या प्रदर्शनात त्या विभागात मी काय पाहिलं आणि त्यावर मला काय उत्तर मिळालं, ते आधी सांगतो.

एका देखण्या जर्मन शेफर्डजवळ मी उभा होतो. मालकाला विचारून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. केस हाताला लागले आणि मी थबकलो. रोज वीस-पंचवीस डोक्यांवरून माझा हात फिरतो. कलप केलेला केस बोटाला वेगळा लागतो, कोरडा आणि थोडा चरचरीत. मी पाठीवरचे केस उलटे करून पाहिले. शेफर्डच्या अंगावर दोन थर असतात. वरचा राठ केस आणि आतली मऊ लोकर. पाठ काळी आणि पाय तांबूस असलेल्या शेफर्डची आतली लोकर फिकट राखाडी असते, जात कशी असावी हे सांगणाऱ्या मानकातच तसं लिहिलंय. पूर्ण काळ्या शेफर्डची गोष्ट निराळी. या कुत्र्याचे पाय तांबूस होते आणि लोकर मात्र बुडापर्यंत काळी कुळकुळीत. गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीवर कलपाचा डाग राहतो ना, तसा काळा डाग त्याच्या कातडीवर होता. वासही ओळखीचा होता. अमोनियाचा वास मला लपत नाही.

असं का करतात, तेही मला कळतं. या जातीत फिका रंग ही उणीव धरतात. पाठ फिकी पडली की क्रमांक जातो. म्हणून डबीतून रंग काढायचा. त्या कुत्र्याला त्या दिवशी बक्षीस मिळालं.

मी रिंगणाजवळच्या कार्यकर्त्याला बाजूला घेऊन सांगितलं. आवाज चढवला नाही, मालकाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो, पाठीवरचे केस उलटे करून बूड बघा. मला उत्तर मिळालं, ‘हरकत घ्यायचा अधिकार स्पर्धकाला आहे, प्रेक्षकाला नाही. तुम्ही बघायला आलात, बघा.’

मी बघायलाच आलो होतो. आणि मी बघितलं.

आता कनात लागणार आहे. म्हणजे पुढच्या वेळी बघताही येणार नाही.

माझा राग केसांच्या निगेवर नाही, हे इथंच सांगून ठेवतो, नाही तर अर्थाचा अनर्थ होईल. ती कला आहे आणि माझ्या धंद्याची सख्खी बहीण आहे. पूडलच्या सांध्यांवर जे केसांचे गोळे ठेवतात, ते कापताना मी तास-तासभर बघत उभा राहिलो आहे. हे कुत्रं मुळात पाण्यात उतरून पक्षी आणणारं, गार पाण्यात सांधे उबदार राहावेत म्हणून तिथले केस ठेवायचे, असं सांगतात. तो गोळा कात्रीनं गोल आणणं किती अवघड आहे, ते कात्री धरणाऱ्यालाच कळेल, कारण खाली जनावर हलत असतं. वायर फॉक्स टेरियर किंवा श्नॉत्झरचे राठ केस मशीननं कापत नाहीत. चिमटीत धरून, थोडे-थोडे, वाढीच्या दिशेनं उपटून काढतात. मशीन फिरवली की पुढचा केस मऊ येतो आणि रंगही उतरतो. हे मी तुमच्याच प्रदर्शनात, तयारीच्या टेबलाशेजारी उभा राहून शिकलो. हैदराबादहून आलेल्या एका मुलानं मला न कंटाळता सगळं समजावलं होतं. कनात असती तर हे कुठून शिकलो असतो?

कात्री जे आहे ते नीट दाखवते. कलप जे नाही ते दाखवतो. या दोहोंमधली रेघ माझ्या दुकानात मी रोज बघतो. माणसानं स्वतःच्या डोक्याला कलप लावला तर तो त्याचा हक्क आहे, त्यावर कुणी त्याला करंडक देत नाही. इथं करंडक देतात. आणि पुढं त्या करंडकावर पिल्लं विकली जातात. आमच्याकडं विजेत्या नराच्या पिल्लाला किती जास्त दाम लागतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. घेणारा माणूस बापाचा रंग बघून पैसे मोजतो. कलप पिल्लात उतरत नाही. म्हणजे फसवणूक रिंगणात संपत नाही, ती कुणाच्या तरी अंगणात जाऊन बसते.

आमच्या तालुक्यात हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार आहे. देवणी आणि लाल कंधारी बघायला माणसं लांबून येतात. तिथं सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो, भाव तिसऱ्याला कळत नाही. पण जनावर उघड्यावर असतं. घेणारा तोंड उघडून दात मोजतो, पक्के दात किती आले, म्हणजे आदत आहे की दुसा की चौसा ते बघतो, पाठीवर थाप मारतो, चार पावलं चालवतो. बैल तरणा दिसावा म्हणून दात घासणारे दलाल पूर्वीही होते आणि बाजारानं त्यांना ओळखून ठेवलं होतं. पोळ्याला आपण शिंगं हिंगुळानं रंगवतो, बेगड लावतो, अंगावर झूल घालतो. सगळ्या गावासमोर रंगवतो, त्यात कुणी फसत नाही. तीच शिंगं रंगवून बाजारात वय चोरलं तर त्याला शेतकरी सजावट म्हणत नाही.

माझी दुसरी तक्रार पावडरीची. मागच्या वेळी सोबत माझा नातू होता, सहा वर्षांचा. एका पांढऱ्याशुभ्र पॉमेरियनला त्यानं मालकिणीच्या परवानगीनं कुरवाळलं आणि त्याचे दोन्ही तळवे पिठात घातल्यासारखे झाले. लेकरू शिंकायला लागलं. पांढरे केस उजळ दिसावेत आणि फुगून यावेत म्हणून खडूची किंवा तसलीच पावडर चोळतात, वर स्प्रे मारतात. ती नीट झाडून काढली तर एक वेळ मी काही म्हणणार नाही. पण कुत्रं रिंगणात धावलं की मागं धुराळा उठतो आणि परीक्षकाच्या काळ्या पॅंटवर पांढरे पट्टे पडतात. सगळ्या प्रेक्षकांनी ते बघितलं, मग परीक्षकाला कसं दिसलं नाही?

तिसरी तक्रार टेबलाची. टेबलावरच्या लोखंडी दांडीला गळफासासारखा पट्टा असतो, त्यात मान अडकवून कुत्रं उभं करतात. कापण्यापुरतं ते गरजेचं आहे, मला मान्य. पण शिह त्झू जातीचं एक कुत्रं मी आल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यात उभं होतं. जानेवारीतही आपल्याकडं दुपारचं ऊन चटका देतं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करतं आणि थोडासा घाम काय तो तळपायाला. त्यात बाजूच्या टेबलावरच्या ड्रायरची गरम हवा अंगावर येत होती. पाणी मागून आणलं ते एका प्रेक्षक बाईनं. येत्या वेळी ती बाई कनातीच्या बाहेर असेल.

चौथी गोष्ट लिहायला मला सगळ्यात जड जाते, आणि खरं तर हे पत्र तिच्यासाठीच आहे.

भारतीय जातींच्या गटात अहमदपूरकडचा एक शेतकरी कारवानी घेऊन आला होता. लातूर जिल्ह्याला कारवानीचं आणि पशमीचं केवढं देणं आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. पशमीच्या कानाला, पायाला आणि शेपटीला रेशमासारखी झालर असते. कारवानी सडसडीत, अंगाबरोबर केस. हे कुत्रं मोकळ्या माळावर सशाच्या मागं धावण्यासाठी घडलेलं. ना त्याला कात्री लागते, ना ड्रायर. अंगावरून हात फिरवला की झाली निगा. शेतकऱ्याचा कुत्रा खोल छातीचा, कंबर आत गेलेली, चाल अशी की रिंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठ हलली नाही. खांद्यावर बोटभर लांब जुना वण होता. बाभळीच्या कुंपणातून जाताना लागलेला, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

परीक्षकांनी त्याला मागं ठेवलं. शेरा दिला की कुत्रा नीट तयार करून आणलेला नाही. पुढं गेला तो दुसरा कारवानी तेलानं चकचकत होता.

कोण सरस, हा निर्णय परीक्षकांचा. मी त्यावर बोलत नाही. त्यांना हाडाची आणि सांध्यांची जाण माझ्यापेक्षा जास्त असणार. पण ज्या जातीला केसांची तयारीच लागत नाही, तिला तयारी नाही म्हणून मागं ठेवणं हे कोणत्या मानकात बसतं, हे मला कुणी तरी समजावून सांगावं.

तीन आठवड्यांनी तो शेतकरी माझ्या दुकानात आला. प्रदर्शनात ओळख झाली होती, पत्ता घेतला होता. कुत्रा दोरीनं बांधून बाहेर उभा केला आणि आत येऊन हळूच म्हणाला, ‘भाऊ, तुमच्याकडं कलप असतो ना? त्या खांद्यावरच्या वणाला लावून देता का? पुढच्या वेळी कुणी काही म्हणायला नको.’

मी नाही म्हणालो. काळ्या कलपात पीपीडी नावाचं रसायन असतं. माणसालासुद्धा ते लावायच्या ४८ तास आधी कानामागं थोडं लावून बघा, असं पाकिटावरच छापलेलं असतं. माझ्या खुर्चीत एका गिऱ्हाइकाचा चेहरा सुजलेला मी बघितलाय. कुत्रं तर अंग चाटतं, त्याच्या पोटात काय जाईल? हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. पण जाताना म्हणाला, ‘मग आमच्यासारख्यानं यायचं का नाही?’

त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते तुम्ही द्यायचं आहे. ज्या माणसाला कुत्र्याचं अंग रंगवायचं असतं हेच ठाऊक नव्हतं, त्याला ते एका दिवसात तुमच्या रिंगणानं शिकवलं.

मी काही जगावेगळं मागत नाही. मोठ्या प्रदर्शनांच्या नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे. जगभरच्या केनेल क्लबांचा संघ असलेल्या एफसीआयच्या प्रदर्शन नियमांत केस, कातडी किंवा नाक यांचा पोत, रंग वा आकार बदलणारी कोणतीही गोष्ट वापरायला सक्त मनाई आहे. कापणं, विंचरणं, ब्रश करणं एवढंच चालतं. तयारीला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ कुत्रं टेबलावर बांधून ठेवायलाही तिथं मनाई आहे. इंग्लंडच्या केनेल क्लबच्या नियमात केसांचा नैसर्गिक रंग, पोत किंवा भरदारपणा बदलणारा पदार्थ प्रदर्शनाच्या वेळी केसांत सापडता कामा नये. अमेरिकेतल्या केनेल क्लबच्या नियमानुसार कृत्रिम उपायांनी रूप बदललेलं कुत्रं स्पर्धेला पात्र राहत नाही आणि साफसफाईची पावडर वापरलीच, तर रिंगणात येण्याआधी ती पूर्ण काढावी लागते.

आणि कनातीबद्दल. इंग्लंडमधलं क्रफ्ट्स प्रदर्शन १८९१ पासूनचं. तिथं प्रत्येक कुत्र्याला नेमून दिलेला ओटा असतो, रिंगणात नसेल तेव्हा कुत्रं तिथं असतं आणि तिकीट काढून आलेला माणूस त्या ओट्यांमधून फिरतो, मालकांशी बोलतो. न्यूयॉर्कचं वेस्टमिन्स्टर १८७७ पासूनचं, तिथंही अनेक वर्षं ओट्यांची हीच रीत होती. एवढी गर्दी तिथं चालते, आपल्या चारदोनशे माणसांनी आपली कुत्री एवढी बिथरतात का?

आपल्याकडंही जनावर उघड्यावर बघायची रीत जुनीच आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट, बैल सगळे उघड्या माळावर उभे असतात आणि अख्खा मराठवाडा त्यांच्यामधून चालत जातो. खंडोबाच्या तसबिरीत घोड्याच्या पायाशी कुत्रं असतंच. वडील मला खांद्यावर घेऊन त्या माळावरून फिरवायचे. कुत्र्याची चाल आधी बघायची आणि तोंड नंतर, हे त्यांनी तिथंच शिकवलं.

आता मागण्या.

कनातीचा निर्णय मागं घ्या. दोन हात अंतरावर दोरी बांधा, हात लावायला बंदी करा, लहान मुलांना मोठ्यांसोबतच सोडा. हे सगळं आम्ही पाळू. पण बघू द्या.

रिंगणात जाण्याआधी प्रत्येक कुत्र्याच्या अंगावरून ओलं पांढरं फडकं फिरवा. पाठ, छाती, कान, नाक. फडक्यावर रंग किंवा पावडर आली तर कुत्रं त्या दिवसापुरतं बाहेर. पक्का कलप फडक्यावर येत नाही, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. त्यासाठी केस उलटे करून बूड आणि कातडी बघावी लागते. या कामाला जाणकार हवेत तर परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आमच्या उदगीरलाही आहे. तिथले डॉक्टर आणि शेवटच्या वर्षाची मुलं या तपासणीला बसवा. मुलांचंही शिक्षण होईल.

रंग, स्प्रे, पावडर यांबद्दलचा नियम मराठीत, मोठ्या अक्षरांत, नोंदणीच्या अर्जावर आणि प्रवेशद्वारावर लावा. माझ्या शेतकरी मित्रासारख्या माणसाला तो वाचता आला पाहिजे.

प्रेक्षकाला लेखी हरकत घेता यावी. त्यासाठी शंभर-दोनशे रुपये अनामत ठेवा, हरकत खोटी निघाली तर जप्त करा. माझी तयारी आहे. फक्त हरकतीचं काय झालं, ते त्याच दिवशी बक्षीस वाटण्याआधी माईकवरून सांगा.

कारवानी, पशमी आणि बाकी भारतीय जातींच्या गटात परीक्षकांच्या गुणपत्रिकेत केसांच्या तयारीला गुण असतील तर ते काढून टाका. जातीला शोभेल असा केस आहे की नाही, एवढंच बघा. काम करताना आलेल्या वणाला उणे गुण देऊ नका.

टेबलावर बांधून ठेवायच्या वेळेला मर्यादा घाला, शेजारी पाण्याचं भांडं सक्तीचं करा.

आणि ज्यांच्या हातात खरंच कला आहे, त्या केस कापणाऱ्या मुलामुलींची वेगळी स्पर्धा ठेवा. उघड्या टेबलावर, वेळ लावून, सगळ्यांसमोर. जिंकणाऱ्याचं नाव पुकारा. आज बक्षीस कुत्र्याच्या मालकाला मिळतं आणि चार तास वाकून पूडल घडवणारा पोरगा गर्दीत उभा असतो. त्या स्पर्धेसाठी पहिल्या वर्षीचं बक्षीस, एक चांगली कात्री, मी माझ्या दुकानातर्फे देईन.

येत्या प्रदर्शनाला मी येणार आहे. त्या शेतकऱ्यालाही मी यायला सांगितलंय, वणासकट. तो अजून हो म्हणालेला नाही. तुमच्या उत्तराची वाट बघतोय.

आपला,
एक प्रेक्षक आणि केशकर्तनकार
उदगीर, जिल्हा लातूर